फुलं बघितली? मग नावं सांगा!

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलेल्यांच्या मोबाइलमध्ये फोटो असतात हजारभर. पण त्यातल्या दहा फुलांची नावं विचारा, सगळे गप्प! हिमालयातली रानफुलं ओळखायला बॉटनीची डिग्री लागत नाही. त्याची सोपी युक्ती आपल्या किचनमध्ये आणि बाल्कनीतच दडलेली आहे...

आमच्या घरी ब्रह्मकमळ फुलणार असलं की आईचा फोन ठरलेला. ‘आज ऑफिसातून लवकर ये गं, कळी टम्म फुगलीय.’ मग काय, रात्री साडेदहा-अकराला अख्खी विंग आमच्या बाल्कनीत. कुणी हळद-कुंकू घेऊन येतं, कुणी मोबाइल. समोरच्या काकू दरवर्षी न चुकता सांगतात, की हे खास हिमालयातलं फूल, ज्याच्या घरी फुलतं त्याचं नशीब फळफळतं. सकाळपर्यंत फूल मान टाकतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचे चाळीस फोटो उरतात.

त्यामुळे हेमकुंडच्या चढावर आमच्या गाइडनं एका खडकाकडे बोट दाखवून ‘ये देखिए, ब्रह्मकमल’ असं म्हटलं, तेव्हा मी धापा टाकतच पण ठामपणे सांगितलं, ‘नाही हो भैजी. ब्रह्मकमळ असं नसतं. आमच्या घरी आहे.’

समोर होतं फूटभर उंचीचं एक झाड. वर फिकट पिवळसर-हिरवी, बटर पेपरची वाटावीत अशी पानं एकावर एक मिटलेली. कमळ वगैरे तर सोडाच, मला ते कोबीच्या नातेवाइकासारखं दिसत होतं. मी मोबाइल काढून आईच्या बाल्कनीतला फोटो त्यांच्यापुढे धरला. पांढराशुभ्र, वीतभर रुंद, टपोरा. भैजींनी फोटो नीट बघितला, छान हसले आणि म्हणाले, ‘सुंदर है मॅडमजी. पर ये हमारा नहीं है.’

आमच्या ग्रुपमधले दोघं आयटीवाले आणि माझी रूममेट, तिघंही माझ्याकडे बघत होते. त्या चढावर पाणी प्यायचं निमित्त करून मी विषय बदलला खरा, पण डोक्यातून तो जाईना. तीस वर्षं ज्याची पूजा केली, ते फूल नक्की कुणाचं?

उत्तर सोपं होतं, फक्त आपण कधी विचारलेलं नसतं. आपल्या कुंडीतलं ‘ब्रह्मकमळ’ म्हणजे एपिफायलम. ते चक्क निवडुंग आहे आणि त्याचं मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका! ज्याला आपण त्याचं पान म्हणतो, ते खरं तर चपटं खोड असतं. म्हणून तर फूल ‘पानातून’ उगवलेलं दिसतं. आणि भैजींनी दाखवलेलं खरं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑबव्हॅलाटा. उत्तराखंडचं राज्यफूल. केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात ते हेच. हे झेंडू-शेवंतीच्या कुळातलं. त्यातली गंमत म्हणजे, बाहेरून दिसणारा तो फिकट पडदा म्हणजे पाकळ्या नव्हेतच. ती पातळ पानं आहेत. खरी फुलं आत, जांभळट, दाटीवाटीनं बसलेली. थंडी, पाऊस आणि वारा यांपासून त्यांना वाचवायला निसर्गानं बाहेरून ग्रीनहाऊसच बांधून दिलंय म्हणा ना.

म्हणजे दोन ब्रह्मकमळांमध्ये कॉमन काय? फक्त नाव. त्या दिवशी ठरवलं, की आता फोटो कमी आणि चौकशा जास्त.

बुग्याल म्हणजे काय रे भाऊ?

आधी जागेची ओळख. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात आहे. ऋषिकेशहून जोशीमठ (२०२४ पासून अधिकृत नाव ज्योतिर्मठ), तिथून गोविंदघाट, पुढे जीपनं पुलना आणि मग पायी घांघरिया. घांघरिया साधारण ३००० मीटरवर. इथून एक वाट हेमकुंड साहिबला चढते आणि दुसरी व्हॅलीत शिरते. व्हॅलीत मुक्काम करायला बंदी आहे, त्यामुळे रोज सकाळी घांघरियाहून जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं.

घांघरियाहून निघालात की पहिला तासभर झाडीतून चालता. फर, ऱ्होडोडेन्ड्रॉन आणि भूर्ज. हो, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातलं भूर्जपत्र ज्याचं, तेच हे झाड! त्याची साल कागदासारखी सुटून लोंबत असते. मग हळूहळू झाडं ठेंगणी होतात, विरळ होतात आणि एका वळणावर संपूनच जातात. समोर उघडतं ते हिरवंगार कुरण. गढवालात त्याला म्हणतात बुग्याल. जंगल जिथे दमतं आणि कुरण सुरू होतं, त्या सीमारेषेवरच्या पट्ट्याला सबअल्पाइन म्हणतात. त्याच्याही वर, जिथे एकही झाड तग धरत नाही, तो अल्पाइन. व्हॅलीत तुम्हाला दोन्ही भेटतात. म्हणूनच सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद अशा या दरीत फुलांचं एवढं वैविध्य आहे. वन्यजीव संस्थेच्या वतीनं १९९३ पासून इथे दहा वर्षं अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ चंद्रप्रकाश काला यांच्या यादीत ५२० वनस्पती आहेत.

आणि एवढी सगळी मंडळी फुलायची घाई का करतात? कारण डेडलाइन! नोव्हेंबर ते मे बर्फ. उरलेल्या चार-पाच महिन्यांत उगवायचं, फुलायचं, कीटक बोलवायचे, बी धरायचं आणि पुन्हा बर्फाखाली झोपायचं. आपल्या मार्च एंडिंगचं रडगाणं या फुलांपुढे गाऊ नये.

या दरीचा ‘शोध’ लागला १९३१ साली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कामेत शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि होल्ड्सवर्थ हे ब्रिटिश गिर्यारोहक इथे उतरले. स्माइथ १९३७ मध्ये फुलांसाठी परत आला आणि १९३८ मध्ये त्याचं ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे पुस्तक आलं. नाव जगभर झालं. अर्थात भ्यूंडारच्या मेंढपाळांना ही दरी आधीपासूनच माहीत होती. त्यांनी फक्त पुस्तक लिहिलं नव्हतं. १९८२ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं.

किचन-बाल्कनी फॉर्म्युला

आता मुद्द्याचं. पाचशे फुलांची नावं पाठ करणं आपल्या बसची बात नाही. पण फुलांची ‘घराणी’ ओळखता येतात. आडनाव कळलं की माणसाचं गाव कळतं ना, तसंच. आणि मजा म्हणजे, यातली बरीचशी घराणी आपल्या घरी आधीपासून नांदतायत.

तुळस घराणं : देठ बोटांत धरून हलकेच फिरवून बघा. गोल नाही, चौकोनी लागतोय? पानं समोरासमोर जोडीनं? फूल वरचा ओठ-खालचा ओठ असं दुभागलेलं? हे तुळशी-पुदिन्याचे चुलतभाऊ. व्हॅलीत जमिनीलगत पसरलेली जांभळट रानटी थाइम याच घराण्यातली. तिचं पान चुरडलंत तर थेट ओव्याचा वास येतो. आणि इथेच फसायला होतं, कारण ओवा मुळात वेगळ्या घराण्यातला आहे. दोघांत थायमॉल हे द्रव्य सारखं, म्हणून वास सारखा. तेव्हा नुसत्या वासावर विश्वास ठेवू नका, देठ तपासा.

कोथिंबीर घराणं : एका बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे देठ निघालेत आणि प्रत्येकाच्या टोकावर बारीक पांढऱ्या फुलांची आणखी एक छोटी छत्री आहे? कोथिंबिरीला फुलं आलेली बघितली असतील तर हे लगेच कळेल. बडीशेप, जिरं आणि वर म्हटलेला ओवा, सगळे इथलेच. पण या घराण्यात जपून! हेराक्लियम नावाच्या दांडग्या झाडाच्या काही जातींचा चीक अंगाला लागून वर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी होते. आणि या घराण्यातल्या भावंडांना एकमेकांपासून वेगळं काढणं तज्ज्ञांनाही सोपं जात नाही. आपण ‘कोथिंबीर घराणं’ एवढ्यावर समाधान मानावं.

झेंडू घराणं : सूर्यफूल, शेवंती, झेंडू. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती खरं तर शेकडो बारक्या फुलांची सोसायटी असते. कडेची फुलं पाकळ्यांचं काम करतात, मधली बी धरतात. ऑगस्टमध्ये दरीत जिथे जिथे पिवळा रंग दिसेल तिथे हे घराणं असण्याचा चान्स मोठा. आपलं ब्रह्मकमळसुद्धा याच घरचं, पण ते कडेच्या पाकळ्यांच्या भानगडीत पडत नाही.

तेरडा घराणं : हे तर आपलंच. फुलाला मागे एक वाकडी शेपटी, पुढे पिशवीसारखं तोंड आणि शेंगेला नुसता धक्का लागला की फट्कन फुटून बिया उडतात. व्हॅलीतला तेरडा मात्र आपल्या अंगणातल्यासारखा गुडघाभर नसतो. तो माणसापेक्षा उंच होतो! ऑगस्टमध्ये पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गुलाबी भिंतीच उभ्या असतात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथे सुट्टीच चार दिवसांची, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो.

स्ट्रॉबेरी घराणं : महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या शेतात फोटो काढलेत ना? तिचं पान आठवा. तीन पानांचा झुबका, कडा करवतीसारख्या. तेच पान आणि वर रक्तासारखं लालभडक पाच पाकळ्यांचं फूल दिसलं, की ती पोटेन्टिला अॅट्रोसँग्विनिया. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा : गडद रक्तवर्णी. पानाची खालची बाजू बघा, रेशमी लव असते. गुलाबाच्या मोठ्या घराण्यातली ही शाखा.

जिरेनियम : पाच पाकळ्या, जांभळट-गुलाबी, मध्ये पांढरा ठिपका आणि पाकळ्यांवर शिरांच्या रेषा. व्हॅलीत पावलोपावली. फूल गळल्यावर उरणारं फळ बघा, करकोच्याच्या चोचीसारखं लांब! ग्रीक भाषेत करकोच्याला ‘जेरानोस’ म्हणतात, त्यावरून हे नाव. नर्सरीत ‘जिरेनियम’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा पेलार्गोनियम असतं, दक्षिण आफ्रिकेतून आलेलं. पुन्हा तीच गोष्ट, नाव एक आणि फूल भलतंच.

आधी प्रश्न विचारा

घराणं कळलं तरी काम संपत नाही. भैजींची सवय मला फार आवडली. नवीन फूल दिसलं की ते लगेच नाव सांगायचे नाहीत. आधी आम्हालाच विचारायचे. पाकळ्या किती? दोन्ही बाजू सारख्या आहेत की फुलाला वर-खाली आहे? पानं समोरासमोर की एकाआड एक? देठावर लव, काटे, की गुळगुळीत? आणि शेवटचा, त्यांच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : उभं कुठे आहे?

कारण पत्ता बदलला की फूल बदलतं. पुष्पावती नदीच्या काठच्या गोट्यांमध्ये चार पाकळ्यांची गुलाबी फुलं झुंडीनं दिसली तर ती रिव्हर ब्यूटी, म्हणजे एपिलोबियम. पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी दिसणारी चकचकीत पिवळी फुलं म्हणजे मार्श मॅरिगोल्ड, आणि नावात मॅरिगोल्ड असलं तरी तिचं झेंडूशी काही नातं नाही. झाडांच्या सावलीत फणा काढून बसलेला असतो तो कोब्रा लिली. सह्याद्रीत पहिल्या पावसानंतर आपल्याला सापकांदा भेटतो ना, त्याचाच हा हिमालयातला भाऊ, अॅरिसिमा. या मंडळींची एक खासियत आहे. कंदात साठा कमी असतो तेव्हा झाड नर म्हणून फुलतं, पुढे अंगानं भरलं की मादी होतं. करिअर चेंज म्हणतात तो हा!

आणि हेल्मेट घातलेली निळी-जांभळी फुलं दिसली तर लांबूनच नमस्कार करा. ते अॅकोनाइट, बचनागाचं विषारी घराणं. याच घराण्यातलं, पण सौम्य असं एक झाड मात्र तुमच्या-माझ्या पोटात जाऊन आलेलं आहे. अतिविष! आजीनं सहाणेवर उगाळलेल्या बाळगुटीतलं. त्याचं फूल हिरवट-निळसर असतं, त्यावर जांभळ्या शिरा. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वास बसेना. पुड्यातली ती वाळकी, पांढरट मुळी आणि हे फूल एकच? मुळीसाठी अख्खं झाड उपटावं लागतं, त्यामुळे आज अतिविष धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये मोजलं जातं. सालमपंजाचीही तीच गत. पंजासारख्या कंदाचं हे जांभळं ऑर्किड शक्तिवर्धक म्हणून इतकं उपटलं गेलं, की आता दिसलं तरी भैजी त्याची जागा मोठ्यानं सांगत नाहीत. कानात सांगतात.

निळ्या पॉपीची गोष्ट

आमच्यातल्या एका आयटीवाल्याचं एकच टार्गेट होतं, ब्लू पॉपी. बाकी फुलांकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. दोन दिवस त्यानं ‘निळं काही दिसलं का?’ एवढंच विचारलं आणि निळं दिसलं की धावला. एकदा ते सायनॅन्थस निघालं, जमिनीवर पसरणारं निळं-जांभळं फूल. एकदा अॅकोनाइट. तिसऱ्या दिवशी खडकांच्या कपारीत ती सापडली. चार पाकळ्या, तलम कागदासारख्या, पावसानं भिजलेल्या, मध्ये सोनेरी पुंकेसरांचा गुच्छ आणि निळा असा, की फोटोत तो येतच नाही.

ओळखायची खूण? रंग नव्हे, काटे! मेकोनॉप्सिस अॅक्युलिएटा हिच्या देठावर, कळीवर, पानांवर बारीक टोकदार काटे असतात. ‘अॅक्युलिएटा’ म्हणजेच काटेरी. ते एकदा बघितलं की गोंधळ होत नाही.

आमचा हिरो फूल तोडून वहीत ठेवायला हात पुढे करणार, तेवढ्यात भैजींनी त्याचं मनगट धरलं. अगदी शांतपणे. मग त्यांनी सांगितलं ते असं : हे झाड काही वर्षं नुसती पानं वाढवत बसतं. मग आयुष्यात एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. दुसरा चान्स नाही. बी पडायच्या आत फूल तोडलं, तर त्या झाडाची सगळी वर्षं फुकट गेली.

त्यानं हात मागे घेतला. नंतर घांघरियाला चहा पिताना तो स्वतःहून म्हणाला, ‘यार, मला हे माहीतच नव्हतं.’ आम्हालाही नव्हतं. आणि मला वाटतं, फुलांची ओळख करून घेण्यात खरं हेच आहे. ज्याचं नाव आणि गोष्ट माहीत नाही, ते तोडायला हात सहज पुढे जातो.

आपलाच, पण गुंड

नेटिव्ह म्हणजे चांगला आणि बाहेरचा म्हणजे वाईट, असं सोपं गणित मी मनात मांडलं होतं. तेही दरीनं मोडलं. व्हॅलीत काही ठिकाणी पुरुषभर उंचीचं, पांढऱ्या बारीक फुलांच्या तुऱ्यांचं झुडूप मैलभर पसरलेलं दिसतं. लांबून छानच दिसतं. जवळ जाऊन बघा, त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही. हे पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम, स्थानिक नाव अमेल्डा. परदेशी पाहुणं वाटतं ना? नाही! हे इथलंच, अस्सल हिमालयातलं. पण आता ते छोट्या फुलांची जागा खातंय. वनखातं ते उपटून काढण्याच्या मोहिमा चालवतं.

ते इतकं का माजलं, यावर वाद आहे. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर दरीत गुरं-मेंढ्या चारणं बंद झालं. काहींचं म्हणणं, चरणारी जनावरं हे झुडूप कोवळं असतानाच दाबून ठेवायची, ती गेली आणि हे सुटलं. दुसरी बाजू सांगते, की जिथे पूर्वी कळप आणि पडाव होते, जिथे हिमकड्यांनी जमीन उघडी पडली, तिथेच हे जास्त आहे, त्यामुळे चराई हा उपाय नाही. ज्यांच्या पिढ्या या कुरणांवर जनावरं घेऊन चढल्या त्यांच्यासाठी हा वाद कागदावरचा नाही. आपल्याकडे साताऱ्याजवळ कास पठारावरही चराई आणि कुंपणावरून हाच प्रश्न आला होता. फुलांना वाचवायचं म्हणजे त्यांना एकटं सोडायचं की नाही? याचं रेडिमेड उत्तर माझ्याकडे नाही. पण अमेल्डा ओळखता आलं नसतं, तर हा प्रश्नच मला पडला नसता. मी त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढून आले असते.

एक कबर

दरीत आत, मुख्य वाटेपासून थोडं बाजूला, एक साधी कबर आहे. जोन मार्गारेट लेग या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक बाईंची. स्माइथच्या पुस्तकानंतर १९३९ मध्ये त्या फुलांचे नमुने गोळा करायला इथे आल्या. वय चोपन्न. ४ जुलै १९३९ ला फुलं गोळा करताना कड्यावरून पाय घसरला आणि त्या गेल्या. पुढे त्यांची बहीण इथवर आली आणि तिनं स्मृतिशिला बसवली.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. कबरीच्या कडेनं जिरेनियम फुललं होतं, मधला पांढरा ठिपका, पाकळ्यांवर रेषा. ते आता मला ओळखता येत होतं. त्या क्षणी मला उगाचच बरं वाटलं. नाव घेऊन हाक मारता येईल असं कुणीतरी तिथे होतं.

निघायचं ठरलंय?

कधी काय दिसेल : दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. जूनमध्ये बर्फ वितळत असतं, तेव्हा प्रिम्युला आणि अॅनिमोनी. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत पीक सीझन, ब्लू पॉपी, पोटेन्टिला, जिरेनियम. ऑगस्टमध्ये तेरड्याचं राज्य आणि हेमकुंडच्या वाटेवर ब्रह्मकमळ. सप्टेंबरमध्ये गर्दी कमी, बिया आणि शेंगा जास्त. ओळखायला शिकायचं असेल तर हा महिनाही वाईट नाही.

फोटो कसे काढाल : एका फुलाचे किमान चार. समोरून, बाजूनं, पानांचा आणि आजूबाजूच्या जागेसह संपूर्ण झाडाचा. नुसत्या पाकळ्यांच्या क्लोजअपवरून तज्ज्ञही ओळखू शकत नाहीत. तारीख आणि साधारण उंची टिपून ठेवा.

अॅप की पुस्तक : दोन्ही. आयनॅचरलिस्टसारखी अॅप्स उपयोगी आहेत, पण दरीत नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. फोटो काढा, परत आल्यावर अपलोड करा. आणि अॅपचं पहिलं उत्तर म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. पुस्तकांमध्ये पोलुनिन आणि स्टेंटन यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ द हिमालय’ जुनं असलं तरी अजून भाव खाऊन आहे. काही शास्त्रीय नावं त्यानंतर बदलली आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

प्रॅक्टिस कुठे : आधी सप्टेंबरमध्ये कासला एक चक्कर मारा. सीतेची आसवं, मिकी माऊससारखी दिसणारी पिवळी कवला, रानतेरडा. इथे डोळे तयार झाले की हिमालय सोपा जातो.

एवढं पाळाच : वाट सोडून कुरणात शिरायचं नाही. फुलावर झोपून फोटो काढायचा नाही. तोडायचं काहीच नाही, बीसुद्धा नाही. प्लास्टिक परत आणायचं. घांघरियाच्या वाटेवरचा कचरा भ्यूंडारच्या गावकऱ्यांची इको डेव्हलपमेंट कमिटी उचलते, त्यात आपली भर नको. गाइड स्थानिकच घ्या. जून २०१३ च्या महापुरात इथली वाट आणि गावाचा मोठा भाग वाहून गेला होता. या लोकांचं पोट या चार महिन्यांवर आहे. शिवाय पुस्तकात नसलेली अर्धी माहिती त्यांच्याकडेच असते.

आणि हो, एक काम उरलं होतं. परतीच्या वाटेवर जोशीमठला रेंज आली तसा मी आईला फोन लावला. म्हटलं, ‘आई, एक सांगू? आपलं ब्रह्मकमळ हिमालयातलं नाही. ते मेक्सिकोचं निवडुंग आहे.’

पलीकडे दोन सेकंद शांतता.

‘काकूंना सांगू नकोस,’ आई म्हणाली. मग म्हणाली, ‘मेक्सिकोचं तर मेक्सिकोचं. इतकी वर्षं आपल्याकडे राहतंय.’

मी म्हटलं, ‘दसऱ्याचा झेंडूपण मुळात तिकडचाच आहे गं.’

‘असू दे की. फुलतंय ना? ते दुसरं, तिथलं, त्याचा फोटो काढलायस? नावासकट पाठव.’

पाठवला. चार अँगलनी.